आधी हँगर बघा, मग फी भरा

विमानाचं विचारा : वाचकांचे प्रश्न
(उत्तरं देणारे सदरलेखक निवृत्त उड्डाण प्रशिक्षक असून कोल्हापुरात राहतात.)

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. एका फ्लाइंग स्कूलनं पन्नास लाखांत, बारा महिन्यांत कमर्शियल पायलटचं लायसन्स होईल असं सांगितलंय. सगळी फी आधी भरली तर सवलत आहे. उसाचं बिल आणि वर थोडं कर्ज, असं करून भरावं म्हणतो. – एक पालक, कागल

उत्तर : भरू नका. निदान सगळी एकदम तर नकोच. जेवढे तास उडेल तेवढ्याचे पैसे, अशा हप्त्यांना जी संस्था तयार होत नाही, तिथून चहा पिऊन परत या.

मुलाला घेऊन एक दिवस सकाळी तिथं जा. ऑफिसात बसून माहितीपत्रक चाळू नका, पास काढून हँगर, म्हणजे विमानं ठेवायची शेड, दाखवा म्हणा. विमानं किती आहेत हे सगळेच सांगतात. तुम्ही विचारायचं, आज उडण्याजोगी किती? इंजिनचं झाकण उघडं टाकून सुट्या भागाची वाट बघत उभी असलेली विमानं मी नोकरीभर बघितलीत, आणि जाहिरातीतल्या आकड्यात तीही मोजलेली असायची.

आता हिशेब मांडा. समजा पाच विमानं खरोखर उडतात, प्रत्येक दिवसाला चार तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ५०० तास झाले. विद्यार्थी साठ असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला आठ तास येतात. कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, म्हणजे दोन वर्षं. त्यात आपल्याकडचा पावसाळा अजून धरलेलाच नाही. बारा महिने कुठून आणणार? हाच हिशेब तिथल्या जुन्या पोरांना विचारा. गेल्या महिन्यात लॉगबुकात, म्हणजे उड्डाणाच्या नोंदवहीत, किती तास चढले, एवढंच. पोरं खरं सांगतात.

२०० तास म्हणजे नुसत्या गिरक्या नव्हेत. त्यांतले १०० तास त्यानं स्वतः कमांडर म्हणून उडवायचे, वीस तास क्रॉस-कंट्री, म्हणजे लांबच्या ठिकाणी जाऊन यायचं उड्डाण, त्यात एक फेरी ३०० नॉटिकल मैलांची, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या वर. रात्रीचं उड्डाण वेगळं. म्हणून प्रशिक्षक किती आहेत आणि त्यांतले किती वर्षभर टिकलेत, हेही विचारा. वर्षात तीन प्रशिक्षक बदलले की पोरगं तोच धडा तीनदा शिकतं, आणि तिन्ही वेळचं मीटर तुमच्या खिशातनं फिरतं.

२०२५ पासून डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं सरकारी महासंचालनालय, फ्लाइंग स्कूलांची श्रेणी जाहीर करतं. पहिल्या यादीत सगळ्यात वरच्या श्रेणीत एकही संस्था नव्हती. तुमच्या संस्थेची श्रेणी बघून जा, पण हँगर बघायचं टाळू नका.

आणि सगळ्याच्या आधी मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणी. आधी शिकाऊंची क्लास टू, मग कमर्शियल लायसन्सला लागणारी क्लास वन. त्यात अडकला तर निदान पैसे तरी घरात राहतील. नेव्हिगेशन (मार्ग काढणं), मेटिरॉलॉजी (हवामान), रेग्युलेशन्स (नियम) या पेपरांचा अभ्यास बारावीनंतर कोल्हापुरात राहूनही करता येतो. पासाला ७० टक्के लागतात, हे त्याला आजच सांगा. लायसन्स हातात आल्यावर एअरलाइनच्या विमानासाठी टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या जातीचं विमान चालवायच्या प्रशिक्षणाचा, खर्च वेगळा असतो, तो पन्नास लाखांत नाही.

प्रश्न : मी कॉमर्सला आहे. पायलटची नोकरी नको, पण एकदा तरी एकटीनं विमान उडवायचंय. जमेल का? – एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : जमेल की बाळा! तुला प्रायव्हेट पायलट लायसन्स हवं. दहावी पास आणि वय १७ पूर्ण, एवढं पुरतं. शिकायला सोळाव्या वर्षापासून सुरुवात करता येते. एकूण ४० तास, त्यांतले दहा सोलो, म्हणजे एकटीनं. कॉमर्स आड येत नाही. या लायसन्सवर भाडं घेऊन कुणाला फिरवता येत नाही, पण मैत्रिणींना फुकट नेता येईल. तुला जवळचं म्हणजे बेळगावचं सांबरा विमानतळ, तिथं प्रशिक्षण चालतं, बारामतीलाही चालतं. घरच्यांना खर्च मोठा वाटेल, आणि तो आहेच. फक्त एकटीनं उडायची हौस असेल तर पहिल्या सोलोपर्यंतचेच पैसे आधी भर आणि पुढचं तेव्हा ठरव. पहिल्या सोलोहून उतरल्यावर रिवाजानं अंगावर बादलीभर पाणी पडतं, जास्तीचे कपडे ने.

प्रश्न : मे महिन्यात शिकाऊ विमानं सकाळीच उडतात आणि दुपारी उभी असतात. उन्हाला घाबरतात का? – एक वाचक, शिरोळ

उत्तर : घाबरतातच म्हणा. गरम हवा विरळ असते. पंखाला उचल कमी मिळते, नाकावरच्या पंख्याला ओढ कमी, इंजिनला हवा कमी. आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फुटांवर आहे. तेवढ्या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात. दुपारी ३८ झालं की विमानाच्या लेखी धावपट्टी पाच हजार दोनशे फुटांवर जाते. १६० अश्वशक्तीचं सेस्ना १७२, आत दोघं, टाक्या भरलेल्या. ते धावपट्टी खात जातं आणि चढताना रडतं. वर तापलेल्या रानावरनं उठणारे झोत. नवशिक्याला त्या धक्क्यांत उतरणं शिकवायचं म्हणजे प्रशिक्षकाच्याच पोटाची परीक्षा. सकाळी सहाला हवा गार आणि शांत असते, तासाला दोन सर्किट, म्हणजे उडून वळसा घालून परत उतरायच्या फेऱ्या, जास्त बसतात. म्हणून कागलच्या पालकांना सकाळी जा म्हटलं. त्या वेळी विमानं जमिनीवरच दिसली तर काय समजायचं ते समजा.

प्रश्न : चष्मा आहे. पायलट होता येतं? – एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : येतं. चष्म्यासह नजर मापात बसली पाहिजे. रंग ओळखण्यात गडबड असेल तर मात्र अवघड आहे. ती तपासणी आधी करून घ्या.