झटकन दिलेलं उत्तर म्हणजे ‘उचलली जीभ’ असतंच असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाशीच्या कॉलेजात टीवायच्या प्रोजेक्टसाठी ६० मुलांना मोबाइलवर प्रश्न द्यायचे, प्रत्येक उत्तराला किती सेकंद लागले ते मोजायचं, आणि मध्यकाच्या खालचे ते ‘मनात येईल ते ठोकून देणारे’, वरचे ते ‘विचार करणारे’ असे दोन गट पाडायचे. चालेल का?

सेकंद जरूर मोजा. गट मात्र असे पाडू नका, व्हायवात पहिला प्रश्न त्यावरच येईल.

घड्याळ दाखवतं ती बेरीज असते: प्रश्न वाचणं, पर्याय वाचणं, ठरवणं आणि बोट टेकवणं. तुमच्या वर्गात मराठी माध्यमाची आणि इंग्रजी माध्यमाची मुलं एकाच बाकावर असणार. देवनागरीत चार ओळींचा प्रश्न दिलात की इंग्रजी माध्यमातल्याचा वेळ वाचण्यातच जाईल, आणि तुमच्या तक्त्यात तो बिचारा ‘विचारी’ ठरेल.

दुसरी अडचण याहून मुळातली आहे. पर्याय तुल्यबळ असले की वेळ लागतो. संध्याकाळी फिरायला तलावपाळी की उपवन, असं ठाणेकराला विचारा. दोन्ही आवडत असतील तर तो घुटमळेल. तलावपाळी की घोडबंदर रोडचा ट्रॅफिक, असं विचारा. प्रश्न संपायच्या आत उत्तर येईल. दुसऱ्या वेळी त्याची अंतःप्रेरणा जागी झाली असं काही नाही, निवडच सोपी होती. रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ मध्ये मांडलेलं डिफ्यूजन मॉडेल हेच सांगतं: दोन्ही बाजूंचा पुरावा थोडाथोडा साठत जातो, फरक ठरावीक रेषेला पोचला की निर्णय होतो. फरक मोठा असेल तर रेषा लवकर गाठली जाते. त्यासाठी मेंदूत दोन वेगळ्या यंत्रणा मानायची गरजच पडत नाही.

अर्थतज्ज्ञ एरियल रुबिनस्टाइन यांनी २००७ मध्ये मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांचे प्रतिसादकाळ घेऊन ‘लवकर म्हणजे सहजप्रेरणा, उशिरा म्हणजे विचार’ अशी मांडणी केली होती. तुमची कल्पना त्याच वळणाची आहे. पण २०१५ मध्ये क्रायबिच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पैसे वाटण्याच्या खेळात रकमा बदलल्या की कधी स्वार्थी उत्तर जलद येतं, कधी उदार. मग नुसत्या वेळेवरून मागे जाऊन, उत्तर सहजप्रेरणेचं की विचाराचं, हा निष्कर्ष काढायचा कसा?

तेव्हा प्रश्नांची रचना बदला. समजा, हा प्रश्न आहे: ‘वडापाव आणि लिमलेटची गोळी मिळून २२ रुपये. वडापाव गोळीपेक्षा २० रुपयांनी महाग. गोळी कितीची?’ तोंडावर येतं २, बरोबर उत्तर १. (हा साचा शेन फ्रेडरिक यांच्या २००५ च्या चाचणीतला, आकडे आणि पदार्थ बदलून घ्या, कारण मूळ प्रश्न मुलांनी रीलमध्ये पाहिलेला असतो.) आता त्याला जोड द्या: ‘मिळून २२ रुपये. वडापाव २० रुपयांचा. गोळी कितीची?’ यात सापळा नाही, लांबी जवळपास तीच. एकाच मुलाच्या दोन्ही वेळांतला फरक घ्या म्हणजे वाचनाचा वेग बराचसा वजा होतो. वजाबाकीची ही युक्ती डच शास्त्रज्ञ डोंडर्स यांनी १८६८ मध्येच वापरली होती. प्रत्येकाला निदान सहा-आठ जोड्या द्या, क्रम प्रत्येकासाठी वेगळा ठेवा. नाहीतर शेवटच्या प्रश्नांत दिसणारा वेग सरावाचा की कंटाळ्याचा, ते कळणार नाही.

तरीही ‘पहिलं मनात काय आलं’ हे वेळेतून कळत नाही. ते दोनदा विचारूनच कळतं. पहिलं उत्तर कडक मुदतीत आणि मन गुंतवून घ्या, म्हणजे आधी चौकटीतल्या ठिपक्यांचा नमुना लक्षात ठेवायला द्या. मग तोच प्रश्न बिनमुदतीचा. मुदत अंदाजाने ठरवू नका: पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, वेगळ्या दहा-पंधरा जणांकडून प्रश्न नुसता वाचून बटन दाबून घ्या आणि त्याची सरासरी वापरा. बागो आणि द नेस यांनी २०१७ मध्ये ही पद्धत वापरली, तेव्हा शेवटी बरोबर ठरलेल्यांपैकी बरेच जण पहिल्या झटक्यातच बरोबर निघाले. चूक आधी आणि दुरुस्ती मागून, हा क्रम पक्का नाही.

मुदत ओलांडणाऱ्यांना डेटातून काढू नका. १० सेकंदांच्या मुदतीत माणसं जास्त उदार होतात, हा २०१२ चा गाजलेला निष्कर्ष २१ प्रयोगशाळांनी पुन्हा तपासला. मुदत न पाळणारे वगळले तर परिणाम दिसतो. सगळे धरले तर जवळपास शून्य. वगळण्यानेच गट बदलतो.

साधनांबद्दल: गुगल फॉर्म फक्त फॉर्म पाठवल्याची वेळ नोंदवतो, प्रश्नागणिक नाही. असे प्रयोग चालवायची दोन सॉफ्टवेअर आहेत: जेएस-सायक ब्राउझरमध्ये चालतं, सायकोपाय लॅपटॉपवर. दोन्ही फुकट आहेत. ६० हर्ट्झचा स्क्रीन दर १६.७ मिलिसेकंदांनी ताजा होतो. वडापावच्या हिशेबात हे नगण्य आहे, पण स्ट्रूपसारखी (लिहिलेला शब्द सोडून त्याच्या शाईचा रंग ओळखायची) चाचणी लावलीत तर सगळ्यांना एकाच लॅपटॉपवर बसवा. लिंक व्हॉट्सॲपवर सोडू नका. तुर्भ्याला लोकलमध्ये उभ्याने दिलेलं उत्तर मोजण्यात अर्थ नाही.

वेळांचं वितरण उजवीकडे लांब शेपटीचं असतं. पाच जणांचे ३, ४, ५, ६ आणि ६० सेकंद घ्या: सरासरी १५.६, मध्यक ५. म्हणून मध्यक वापरा किंवा लॉग घेऊन मग चाचणी लावा. दिसल्या दिव्याला बटन दाबायलाच साधारण २०० मिलिसेकंद लागतात, तेव्हा त्याखालचं उत्तर म्हणजे नुसतं बोट आपटलेलं, ते काढा. वरची मर्यादा किती ठेवायची ते डेटा हातात येण्याआधी गाइडच्या सहीने लिहून ठेवा.