रस्ता घरापेक्षा उंच कसा झाला?

प्रश्न : आमच्या गल्लीत जुन्या डांबरी रस्त्यावरच सिमेंटचा रस्ता झाला. तो ओट्याच्या वर आला, आता पावसाचं पाणी थेट बैठकीत घुसतं. कार्यालयात विचारलं तर ‘नियमानुसारच झालं’ एवढंच सांगतात. माहिती अधिकारात अर्ज करायचा आहे. काय लिहू?
– एक वाचक भगिनी, महाल, नागपूर

उत्तर : ताई, ‘रस्ता उंच का केला’ असं अर्जात विचारू नका. माहिती अधिकारात दप्तरी असलेला कागद मिळतो. ‘का’चा खुलासा करायला ते बांधील नाहीत, आणि तेवढ्या एका ओळीवर अर्ज निकाली काढतात.

माझी सारी नोकरी बांधकाम खात्याच्या लेखा शाखेत झाली, म्हणून कागदांची नावंच देतो : मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, रस्त्याची पातळी दाखवणारा मंजूर नकाशा, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, आणि अंतिम देयक. यातली एमबी काही झालं तरी सोडू नका. जुना रस्ता खोदून काढण्याचं काम धरलं असेल, तर त्याची लांबी, रुंदी, खोली तिथे अभियंत्याच्या सहीनिशी सापडेल. नोंद आहे आणि खोदकाम मात्र गल्लीत कुणी पाहिलंच नाही, असं निघालं तर पैसे कशाचे दिले हे त्यांना सांगावंच लागेल.

अर्ज जोडपत्र ‘अ’मध्ये, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात, एकाच विषयावर, 150 शब्दांच्या आत करा. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. माहिती कशाला हवी, हे सांगायची गरज नाही; माहिती अधिकार कायद्याचं कलम 6(2) दाखवा. रस्ता महापालिकेचा की नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा), ठाऊक नसलं तरी अडत नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे. शिक्का-तारखेची पोच घेतल्याशिवाय मात्र टेबलावरून हलू नका, पुढची सगळी मुदत तिच्यावरूनच मोजतात.

30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे पुढच्या 30 दिवसांत अपील करा. तिकीट 20 रुपयांचं. तिथेही दाद लागली नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे. मुदत उलटून दिलेल्या प्रती फुकट द्याव्या लागतात, एरवी पानाला 2 रुपये.

अर्जात अभिलेखांची पाहणीही मागा. पहिला तास शुल्क नाही. जाण्याआधी ओटा रस्त्याच्या किती खाली गेला ते टेपने मोजा, टेप दिसेल असा फोटो काढा आणि सोबत न्या. नकाशातल्या पातळीशी तो आकडा तिथेच ताडून पाहता येईल.