तुळशीचा अर्क : पाणी की अल्कोहोल?

प्रश्न : तुळशीच्या सुक्या पानांतील अँटीऑक्सिडंट वेगळे करण्यासाठी मी काही पूड पाण्यात तासभर उकळली आणि तेवढीच पूड शुद्ध इथेनॉलमध्ये रात्रभर भिजवली. इथेनॉलचा अर्क गर्द हिरवा उतरला. मात्र डीपीपीएच चाचणीत (अँटीऑक्सिडंट जितके प्रभावी, तितका या रसायनाचा जांभळा रंग फिकट होतो) तो पाण्याच्या अर्काहून कमी ठरला. असे का व्हावे?

उत्तर : हिरव्या रंगावरून अर्काचा कस ठरवता येत नाही. तो रंग हरितद्रव्याचा आहे. शुद्ध इथेनॉल हरितद्रव्य आणि पानावरील मेण सहज विरघळवते. याउलट तुळशीतील रोझमॅरिनिक आम्लासारखी पॉलिफेनॉल संयुगे, ज्यांच्यामुळे मुक्त मूलकांचे (अतिक्रियाशील रेणूंचे) शमन बऱ्याच अंशी घडते, पाणी व अल्कोहोल यांच्या मिश्रणात अधिक चांगली उतरतात. पाण्यामुळे सुक्या पेशी फुगून द्रावकाला आत शिरण्यास वाट मिळते, तर अल्कोहोल या संयुगांना प्रथिनांशी जखडून ठेवणारे हायड्रोजन बंध सैल करते. म्हणून ५० ते ७० टक्के इथेनॉल घ्यावे आणि एक ग्रॅम बारीक पुडीला सुमारे २० मिलिलिटर द्रावक वापरून, ४० ते ५० अंश सेल्सिअसच्या जलऊष्मकात (वॉटर बाथमध्ये), उघड्या ज्योतीपासून दूर, तासभर ढवळत ठेवावे. तोच चोथा ताज्या द्रावकाने पुन्हा एकदा काढल्यास उरलेला बराचसा अंशही हाती येतो. तासभराची उकळी मात्र टाळावी. उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन मिळून नाजूक संयुगांचा नाश करतात.

पाने सावलीत वाळवली होती का, हे आपण लिहिलेले नाही, आणि मला ती बाब द्रावकाइतकीच महत्त्वाची वाटते. ओले पान चुरगळले की त्यातील पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) लगेच कामाला लागते आणि पान काळे पडते. म्हणजे अर्क काढण्यापूर्वीच ऐवज घटतो.

आता चाचणीविषयी. डीपीपीएचचा जांभळा रंग किती फिकट झाला, हे ५१७ नॅनोमीटरवर मोजले जाते. गर्द अर्क स्वतःही तेथे थोडा प्रकाश शोषतो, त्यामुळे त्याची क्षमता असते त्याहून कमी दिसते. यासाठी डीपीपीएच न घालता केवळ अर्क आणि द्रावक यांचे वाचन घेऊन ते वजा करावे. दोन्ही अर्कांतील कोरड्या घटकांचे वजनही आधी समान करून घ्यावे, अन्यथा तुलना दाट आणि पातळ द्रावणांचीच होईल.