कॅनडा पीआरसाठी (तिथल्या कायम वास्तव्यासाठी) माझा सीआरएस, म्हणजे उमेदवारांना क्रम लावणारे गुण, ३९५ आहे, गुण कसे वाढवू?

तुम्ही दिलेली माहिती अशी: वय ३२, अविवाहित, एमटेक, पुण्यात ६ वर्षं नोकरी. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंग ८, रीडिंग आणि स्पीकिंग ७, रायटिंग ६.५. आणि एजंट म्हणतोय, पैसे भरा, जॉब ऑफर आणून देतो, गुण वाढतील. त्याला आधी नाही म्हणा. जॉब ऑफरचे गुण मार्च २०२५ मध्येच बंद झालेत.

तुमचं घोडं अडलंय ते रायटिंगच्या अर्ध्या बँडपाशी. तिथे ७ आले की चारही विभागांत सीएलबी ९ (कॅनडाच्या इंग्रजी मोजपट्टीवरची पातळी) होतं. नुसत्या भाषेचे ८ च गुण वाढतात, पण शिक्षण आणि भाषा मिळून २५ चे ५० होतात, अनुभव आणि भाषा मिळून पुन्हा २५ चे ५०. म्हणजे ३९५ चे थेट ४५३!

माझंही रायटिंग दोनदा ६.५ वर अडकलं होतं. पत्र लिहिण्यात माझा अर्धा तास जायचा आणि निबंधाचा शेवट घाईघाईत उरकायचो. निबंधाला पत्राच्या दुप्पट महत्त्व असतं हे फार उशिरा कळलं. मग दीड महिना रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी घड्याळ लावून बसलो: पत्र २० मिनिटांत हातावेगळं, उरलेली ४० मिनिटं निबंधाला. तिसऱ्या खेपेला ७ आले.

पण ४५३ वर भागत नाही. ठरावीक गुणांच्या वरच्यांना अर्जाचं आमंत्रण देणाऱ्या फेऱ्यांना ड्रॉ म्हणतात; २०२४ मधले सर्वसाधारण ड्रॉ ५२० च्या वरच गेले. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, फ्रेंच शिका. चारही विभागांत एनसीएलसी ७ (सीएलबीसारखीच फ्रेंचची पातळी) मिळालं तर आणखी ६२ गुण मिळतात, शिवाय फ्रेंचवाल्यांचे ड्रॉ वेगळे निघतात. मार्च २०२५ मधल्या त्यांच्या एका ड्रॉचा कटऑफ ३७९ होता. एनसीएलसी ७ साठी साधारण बी२ या युरोपीय भाषा-पातळीपर्यंत जावं लागतं. नोकरी सांभाळून हे सोपं नाही, पण पुण्यात फ्रेंच शिकवणारी आलियाँस फ्राँसेज संस्था आहे, आजच चौकशी करा. कॅनडाच्या एखाद्या प्रांताचं नॉमिनेशन (शिफारस) मिळालं तर एकदम ६०० गुण, तिकडेही लक्ष ठेवा.

तेहतिसावा वाढदिवस झाला की वयाचे ६ गुण जातात. आयईएलटीएसचा निकाल दोनच वर्षं चालतो, तेव्हा फ्रेंच होईपर्यंत तो संपणार नाही हे बघा. आणि कंपनीकडून अनुभवाचं पत्र आत्ताच मागा, त्यात नुसतं पद आणि तारखा नकोत, रोजची कामं आणि आठवड्याचे तास लिहिलेले हवेत. माझ्या एचआरने दोन ओळींचं पत्र दिलं होतं, ते बदलून घेण्यात तीन महिने गेले.