सर्दीत व्हिस्की घ्यावी का, आणि बाळाच्या हिरडीला लावावी का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या, सर्दी-खोकल्यात गरम पाण्यातून व्हिस्की घेतलेली चालते का, आणि सासरे म्हणतात तसं दात येणाऱ्या बाळाच्या हिरडीला व्हिस्कीत बुडवलेलं बोट लावू का. दुसऱ्याचं आधी सांगते, लावू नका, एकदाही नाही, थेंबभरही नाही. पहिल्याचं जरा लांब आहे.

आमच्या घरी हे औषध मी लहानपणापासून पाहिलंय. गाद्या-रजयांच्या कपाटात मागे एक क्वार्टर असायची, बाबा एरवी पीत नसत, पण नाक गळायला लागलं की स्टीलच्या गिलासात कढत पाणी, दोन लवंगा, चमचाभर मध आणि वरून दोन झाकणं व्हिस्की. २०१८ च्या डिसेंबरात नागपुरात पारा ३.५ वर गेला होता ना, त्याच आठवड्यात बाबांना सर्दी झाली, त्या रात्री झाकणं जरा जास्तच पडली, आणि गिलास रिकामा करून ते शाल काढून अंगणात खुर्ची टाकून बसले. मी म्हटलं बाबा आत चला, तर म्हणे "काही नाही होत, गरम वाटून राह्यलं मले." कान लाल झाले होते, गाल खरंच गरम लागत होते. अर्ध्या तासानं दात वाजायला लागले, दोन रजया टाकल्या तरी हुडहुडी जाईना, मी आणि आई त्यांचे पाय चोळत बसलो होतो.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, आतलं गरम रक्त वर येतं म्हणून ऊब वाटते, पण ती ऊब अंगातून बाहेर चाललेली असते. नाकाचंही तसंच, आतली कातडी आणखी सुजते. झोप लवकर लागते हे खरं, पण मध्यरात्रीनंतर सारखी मोडते. बाबांना जे बरं वाटायचं ते कढत पाण्याच्या वाफेनं आणि मधानं, आता ते व्हिस्कीशिवाय तेच पितात आणि तेवढंच बरं वाटतं म्हणतात.

पूर्वी डॉक्टरच लिहून द्यायचे, असंही लोक सांगतात. द्यायचे, अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा चिठ्ठीवर मेडिकलमधून व्हिस्की मिळायची, पण तिथल्या अधिकृत औषधांच्या यादीतून ती १९१६ लाच काढून टाकली होती, म्हणजे चिठ्ठी हा मिळवायचा रस्ता होता.

मोठ्या माणसानं एखादवेळी थोडी घेतली तर आभाळ कोसळणार नाही, पण सर्दीच्या गोळीवर अजिबात नको. त्या गोळ्यांनी आधीच गुंगी येते, दारूनं ती वाढते, आणि पॅरासिटामॉलसोबत जास्त दारू झाली तर लिव्हरवर येतं. दाढदुखीत व्हिस्कीचा कापूस धरतात त्यानं घटकाभर बधिर होतं, खालचा पू तसाच राहतो.

आता बाळाचं. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, बाळाचं वजन सात-आठ किलो, लिव्हर अजून कच्चं. थोड्याशा दारूनंही इतक्या लहान लेकराची रक्तातली साखर उतरू शकते, ते सुस्त पडतं आणि घरच्यांना वाटतं बघा कसं शांत झोपलं. मला याचीच सगळ्यात भीती वाटते. छातीलाही चोळू नका, कातडीतून आणि वासातून आत जातं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको.

माझ्या मुलाच्या वेळी सासूबाईंनी हेच सुचवलं होतं, मायेनंच. मी वाद नाही घातला, मलमलचा स्वच्छ फडका ओला करून फ्रीजमध्ये (फ्रीझरमध्ये नाही) ठेवायचे आणि त्यांच्याच हातात द्यायचे, की आई तुम्हीच धरा, तुमच्याजवळ तो शांत राहतो. त्या मांडीवर घेऊन तासभर चावू द्यायच्या. सासऱ्यांना हे काम देऊन बघा. ताप असेल, दूध पीत नसेल किंवा श्वास धापेचा असेल, तर दात येतायत म्हणून थांबू नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.