दीर्घिकेचा हिशेब मांडताना

प्रिय मित्रा,

दीर्घिका (गॅलेक्सी) कशाकशाची बनते, तर तारे, वायू, धूळ आणि कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य), ही यादी तुला पाठ आहे. आता एका दीर्घिकेत यातलं काय किती, ते स्वतः काढून बघ. एनजीसी ३१९८ घे. सप्तर्षी तारकासमूहातली ही सर्पिल दीर्घिका साधारण १३.८ मेगापार्सेक, म्हणजे ४.५ कोटी प्रकाशवर्षं आपल्यापासून दूर आहे.

सुरुवात वायूपासून कर, कारण तिथे गृहीतकं सर्वांत कमी. अणुरूप हायड्रोजनची रेषा, म्हणजे रेडिओ वर्णपटातला त्याचा उंचवटा, १४२०.४ मेगाहर्ट्झला येते. तिच्याखालचं क्षेत्रफळ जान्स्की-किलोमीटर प्रतिसेकंदात काढ (जान्स्की हे रेडिओ लहरींच्या तीव्रतेचं एकक), मेगापार्सेकमधल्या अंतराच्या वर्गाने गुण आणि मग २.३६ लाखाने. इथे क्षेत्रफळ सुमारे २२७ भरतं, म्हणजे हायड्रोजन जवळजवळ १,००० कोटी सूर्यांइतका. हेलियमसाठी आणखी १.३६ ने गुणायचं असतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं वापरणार असशील तर एक जपायचं. तिथल्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यभागी दाटीने आहेत, बाकीच्या तीन भुजांवर २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. तपशील बारीक दिसावा म्हणून फक्त एकमेकींपासून लांब असलेल्या अँटेनांच्या जोड्या ठेवल्यास, तर पसरट वायू निसटतो आणि बेरीज कमी येते. एकाच मोठ्या तबकडीने मोजलेल्या आकड्याशी ती ताडून घे.

ताऱ्यांसाठी ३.६ मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश बरा. धूळ वजनाने वायूच्या जेमतेम १ टक्का, पण निळा प्रकाश भरपूर अडवते, अवरक्त फारसा नाही. प्रकाशावरून वस्तुमान काढताना मात्र चूक दीडपट सहज होते, म्हणून आकडा एकच न देता खालची-वरची मर्यादा दे.

एकूण वस्तुमान दीर्घिकेच्या फिरण्याच्या वेगावरून काढायचं: किलोमीटर प्रतिसेकंदातल्या वेगाचा वर्ग, गुणिले किलोपार्सेकमधली (मेगापार्सेकचा हजारावा भाग) केंद्रापासूनची त्रिज्या, गुणिले २.३३ लाख. (वरच्या २.३६ शी याचं काही नातं नाही, गल्लत करू नकोस.) ४५ किलोपार्सेकवर वेग १५० धरला तर सुमारे २३,५०० कोटी सूर्य होतात. तारे आणि वायू मिळून त्याचा पाव हिस्साही भरत नाही. उरलेलं कृष्णद्रव्य, पण ही वजाबाकी आहे, मोजमाप नव्हे. आधीची प्रत्येक चूक इथेच येऊन साचते.

सगळ्यात फसवतो तो कल, म्हणजे दीर्घिकेची तबकडी आपल्याला किती तिरकी दिसते तो कोन (अगदी समोरून दिसली तर शून्य). दिसणारा वेग कलाच्या साइनने भागावा लागतो. ही दीर्घिका सुमारे ७२ अंश कललेली आहे, म्हणून ५ अंश चुकलास तरी वस्तुमान ५ टक्क्यांच्या आसपासच हलतं. पण कल २० असताना २५ धरलास, तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वस्तुमान गायब! पहिल्या सरावाला समोरून दिसणाऱ्या गोल, देखण्या दीर्घिका घेऊच नकोस.

अंतराची गोष्ट वेगळी. ते १० टक्क्यांनी वाढलं तर वायू आणि तारे २१ टक्क्यांनी वाढतात, एकूण वस्तुमान फक्त १० टक्क्यांनी. म्हणजे नुसतं अंतर बदलूनही कृष्णद्रव्याचा वाटा बदलतो. हिशेब पाठवशील तेव्हा अंतर आणि कल कुठून घेतलेस, ते आकड्यांच्या आधी लिही.

सस्नेह.