खाचेत बसले म्हणजे चालेलच असे नाही

नमस्कार. आपला प्रश्न वाचला आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ ओळखीची वाटली. जुना प्रिंटर बंद पडला, त्याची न उघडलेली दोन कार्ट्रिज शिल्लक राहिली, त्याच कंपनीचा नवा प्रिंटर घेतला, कार्ट्रिज खाचेत नीट बसली, ‘खट्’ असा आवाजही आला, आणि तरीही पडद्यावर ‘हे कार्ट्रिज या प्रिंटरसाठी नाही’ असाच संदेश येत राहिला. मदतकेंद्राने कार्ट्रिजवरचे सोनेरी ठिपके पुसायला सांगितले, तेही करून झाले, आणि आता ते प्रिंटर तपासणीसाठी घेऊन या म्हणत आहेत. चिप बदलून किंवा खाचेची कड घासून ही कार्ट्रिज वापरता येतील का, असे आपण विचारले आहे. माझ्यापुढे नेमकी हीच अडचण उभी राहिली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कार्ट्रिजवरची टेप काढणे, प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करणे वगैरे गोष्टी आपण केल्याच असणार, तेव्हा त्यांत शिरत नाही. मी दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ नाही. बरीच वर्षे वेगवेगळे इंकजेट, म्हणजे शाई फवारून छापणारे प्रिंटर, वापरलेला आणि त्यापायी बराच खर्च सोसलेला माणूस आहे, एवढे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

आधी कार्ट्रिज उलटे करून पाहा. तळाशी नखाएवढी चकचकीत पट्टी असेल, तिच्यापासून नारिंगी-तपकिरी लवचीक फीत वळून पाठीवर गेली असेल आणि त्या फितीवर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी असतील, तर त्या कार्ट्रिजमध्ये शाईबरोबर छपाईचे हेडही, म्हणजे कागदावर शाई फेकणारा भागही, आहे. एचपीने १९८४ साली थिंकजेट बाजारात आणला तेव्हापासून ही पद्धत रूढ आहे आणि एचपी व कॅनन यांच्या घरगुती प्रिंटरांमध्ये ती आजही सर्रास दिसते. आपण ठिपके पुसल्याचे लिहिले आहे आणि काळे व तिरंगी अशी दोनच कार्ट्रिज असल्याचेही लिहिले आहे, त्यावरून आपली कार्ट्रिज याच जातीची असावीत. तसे असेल तर उत्तर स्पष्ट आहे: अशा खटपटीने ती या प्रिंटरमध्ये चालणार नाहीत आणि चिप बदलण्याचा प्रश्नच येत नाही, कारण काढून दुसरीकडे चिकटवता येईल अशी वेगळी चिप त्यांच्यावर नसतेच. प्रिंटर त्या ठिपक्यांमधूनच कार्ट्रिजची विद्युत ओळख वाचतो. हेडमधल्या प्रत्येक सूक्ष्म छिद्रामागे शाई क्षणात तापवणारा एक रोधक असतो, आणि कोणत्या ठिपक्यावर किती वीज कधी सोडायची हे त्या विशिष्ट हेडसाठी प्रिंटरमध्ये ठरलेले असते. ओळख जुळली नाही तर प्रिंटर वीज सोडत नाही, आणि ते योग्यच आहे.

खाच घासण्याबद्दल माझे मत ठाम आहे: घासू नये. कड घासल्याने फार तर प्लास्टिकची अडचण दूर होते, विजेची होत नाही. आणि आपल्याकडे तर प्लास्टिकची अडचण नाहीच, कार्ट्रिज आधीच बसते आहे. शिवाय घासताना उडणारा भुसा प्रिंटरमधल्या, ठिपक्यांना टेकणाऱ्या बारीक स्प्रिंगदार पिनांमध्ये अडकला, की उद्या योग्य कार्ट्रिज आणूनही तोच संदेश दिसायचा. काही ठिपक्यांवर चिकटपट्टी लावून प्रिंटरची स्मृती पुसण्याची जुनी युक्तीही आपल्याला कोणीतरी सुचवेलच. ती काही जुन्या मॉडेलांत शाईच्या पातळीचा हिशेब पुसण्यासाठी वापरली जात असे. कार्ट्रिजचा क्रमांकच चुकीचा असेल तिथे तिचा काहीही उपयोग नाही.

एकाच कंपनीची, हुबेहूब दिसणारी कार्ट्रिज एकमेकांच्या जागी का चालत नाहीत, याची दोन कारणे प्रामुख्याने असतात. एक म्हणजे पिढी बदललेली असते: बाहेरचा साचा तोच, आतली ओळख वेगळी. दुसरे कारण पुष्कळांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे विक्रीचा प्रदेश. कॅननचे २४५ क्रमांकाचे काळे कार्ट्रिज उत्तर अमेरिकेत, ५४५ युरोपात आणि ७४५ आशियात विकले जाते. एचपीचे ६१ अमेरिकेतले, तर त्याच घडणीचे ३०१ युरोपातले. हातात घेतली तर लेबलाखेरीज फरक दाखवता येणार नाही. आपला जुना किंवा नवा प्रिंटर परदेशातून आलेला असेल, किंवा कार्ट्रिज कोणी बाहेरून आणून दिलेली असतील, तर ही शक्यता आधी तपासावी. प्रिंटरचा प्रदेश बदलून देण्याची सोय काही कंपन्यांच्या मदतकेंद्रांकडे असते, पण ती स्वतःहून कोणी सांगत नाही. नेमक्या शब्दांत विचारावी लागते.

आता ज्या गोष्टीने माझे सर्वांत जास्त नुकसान केले ती सांगतो, कारण आपली पावले त्याच दिशेने पडत आहेत असे मला वाटते. ते नुकसान कार्ट्रिजने केले नाही, एका अधिकृत सर्व्हिस सेंटरने केले. नाव घेत नाही. तिथल्या फॉर्मवर प्रिंटरच्या मॉडेलसाठी रकाना होता, खरेदीच्या तारखेसाठी होता, तक्रारीसाठी होता. कार्ट्रिजच्या क्रमांकासाठी रकानाच नव्हता. मी दोन्ही कार्ट्रिज खोक्यांसकट टेबलावर ठेवली होती. तपासणाऱ्याने ती हातातही घेतली नाहीत. ‘कार्ट्रिज ओळखत नाही’ एवढी तक्रार वाचून आधी पिना साफ केल्या, मग पिनांची पट्टी बदलायला हवी असे सांगितले, आणि शेवटी मुख्य बोर्ड गेला आहे असा निर्णय देऊन तो बदलला. वॉरंटी संपलेली असल्यामुळे खर्च माझा. प्रिंटर परत आला तेव्हा संदेश तसाच होता. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, की बोर्ड तपासून बसवलेला आहे आणि शाईच्या साहित्याची जबाबदारी आमच्या विभागाकडे येत नाही. ज्यांच्याकडे ती येते त्या विभागाचा फोन कोणी उचलत नव्हते. नंतर दुसऱ्याच एका तंत्रज्ञाने प्रिंटरचे झाकण उघडले, आतल्या बाजूला चिकटवलेल्या लेबलावरचे कार्ट्रिजचे क्रमांक वाचले, माझ्या खोक्यावरचा क्रमांक त्यांत नाही हे बोटाने दाखवले, आणि त्यासाठी एक पैसाही घेतला नाही. जे काम झाकण उघडून डोळ्यांनी होत होते, त्यासाठी एका चांगल्या चालत्या यंत्राचा बोर्ड काढला गेला, याचा राग मला अजूनही येतो. ज्याला ग्राहकाने ठेवलेले खोके वाचावेसे वाटत नाही, त्याने दुरुस्तीचा सल्ला देऊ नये.

म्हणून माझी विनंती अशी, की प्रिंटर तपासणीसाठी नेण्याआधी झाकणाच्या आतले लेबल पाहा, कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलच्या पूर्ण नावाने कार्ट्रिजची यादी काढा, आणि आपल्याकडचा क्रमांक त्या यादीत अक्षरशः तसाच आहे का ते पडताळा. मॉडेलच्या नावातला शेवटचा एखादा आकडाही वेगळा असला तर यादी वेगळी असू शकते. तरीही सर्व्हिस सेंटरला जावेच लागले, तर कोणताही भाग बदलण्याला संमती देण्याआधी त्यांच्याकडचे, यादीतल्या क्रमांकाचे कार्ट्रिज घालून दाखवायला सांगा आणि निकाल कागदावर लिहून घ्या. ते नकार देत असतील तर प्रिंटर उचलून परत आणलेला बरा. वॉरंटी चालू असेल तर अर्थात त्यांच्याकडेच जावे लागेल. पण कागद तेव्हाही मागावा.

क्रमांक जुळूनही कार्ट्रिज नाकारले जाते, अशा काही परिस्थिती असतात, त्या थोडक्यात सांगतो. काही प्रिंटर पहिल्यांदा सुरू होताना खोक्यातून आलेली ‘सेटअप’ कार्ट्रिजच मागतात. ती बाजूला ठेवून जुनी आधी संपवू म्हटले तर प्रिंटर ऐकत नाही. एचपीच्या काही प्रिंटरांमध्ये ‘कार्ट्रिज प्रोटेक्शन’ नावाची सोय असते. ती चालू असताना वापरलेले कार्ट्रिज त्या एकाच प्रिंटरशी कायमचे बांधले जाते. मासिक वर्गणीच्या योजनेत मिळालेली कार्ट्रिज वर्गणी बंद केल्यावर शाई शिल्लक असूनही थांबतात. आपली कार्ट्रिज आधी कुठे वापरलेली नसल्यामुळे ती दुसऱ्या प्रिंटरशी बांधली गेल्याची शंका घेण्याचे कारण नाही, पण कोणाकडून वापरलेली घेणार असाल तर हे आधी विचारावे. एक्सएलबद्दलही विचारले आहे: एकाच क्रमांकाचे साधे आणि एक्सएल सहसा एकाच प्रिंटरला चालते, एक्सएलमध्ये शाई जास्त असते एवढाच फरक, क्रमांक वेगळा असेल तर एक्सएल या अक्षरांना काही अर्थ नाही.

ज्या प्रिंटरांत हेड यंत्रातच असते आणि प्रत्येक रंगाची छोटी वेगळी टाकी असते, तिथे मात्र गोष्ट वेगळी आहे. त्या टाकीवर खरोखरच एक छोटी चिप चिकटवलेली असते. कॅननच्या ५२१ आणि ५२६ या टाक्या आकाराने सारख्याच आहेत आणि चिप बदलून एकीची शाई दुसरीच्या जागी वापरणारे लोक मला माहीत आहेत. ते चालते, हे मी नाकारत नाही. तरीही नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते, कारण तिथे चुकीची किंमत एक कार्ट्रिज नसून प्रिंटरचे कायमचे हेड असते. त्याच कॅननमध्ये अक्षरांसाठीची मोठी काळी टाकी पिगमेंट शाईची (रंगाचे सूक्ष्म कण असलेली) आणि छायाचित्रांसाठीची छोटी काळी टाकी डाय शाईची (रंग विरघळलेली) असते. काळी ती काळीच, असे समजून रिफिल करणारे हेड गमावून बसतात.

शाईचा हा मुद्दा बाटलीने भरायच्या टाक्यांत तर फारच महत्त्वाचा ठरतो, कारण तिथे पुष्कळ मॉडेलांत अडवणारी चिपच नसते. एप्सनच्या ००१ आणि ००३ या बाटल्यांचे उदाहरण घ्या. दोन्ही आशियात विकल्या जातात आणि नावे एका आकड्याने वेगळी. ००३ मालिकेतले चारही रंग डाय शाईचे आहेत, तर ००१ मधला काळा पिगमेंटचा आणि बाकीचे तीन डायचे. डाय शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो. पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात आणि ते एकमेकांना चिकटू नयेत यासाठी त्या द्रवात ठरावीक रसायने घातलेली असतात. दोन वेगळ्या शाया एकत्र झाल्या की हा तोल बिघडू शकतो, कणांच्या गुठळ्या होतात आणि केसापेक्षाही बारीक छिद्रे बुजतात. माझ्या परिचयातल्या एका प्रिंटरमध्ये असेच झाले. पहिल्या काही पानांवर छपाई उलट जास्त गडद आली, त्यामुळे सगळे निर्धास्त राहिले. मग आडव्या पांढऱ्या रेषा दिसू लागल्या. त्या घालवण्यासाठी हेड क्लीनिंग पुन्हा पुन्हा चालवले गेले, आणि प्रत्येक क्लीनिंगची शाई प्रिंटरच्या पोटातल्या, वाया गेलेली शाई शोषणाऱ्या वेस्ट पॅडमध्ये जाते हे कोणी सांगितले नव्हते; तो पॅड भरल्याची नोंद होताच प्रिंटरने काम पूर्णच थांबवले. शिवाय एप्सनचे हेड विजेने वाकणाऱ्या स्फटिकाच्या दाबाने शाई फेकते, तर कॅनन आणि एचपीचे उष्णतेने बुडबुडा तयार करून. एका पद्धतीसाठी बनवलेली शाई दुसऱ्या पद्धतीच्या हेडमध्ये भरू नये.

‘सर्व प्रिंटरांसाठी उपयुक्त’ असे लिहिलेली शाई मी विकत घेत नाही. बाहेरच्या कंपनीची शाई वाईटच असते असे माझे म्हणणे नाही. आपल्या मालिकेचे नाव आणि काळ्या शाईचा प्रकार जिच्यावर स्पष्ट छापला आहे अशी मी स्वतः वापरली आहे आणि ती चांगली चालली आहे. पण बाहेरचे कार्ट्रिज वापरणाऱ्याने फर्मवेअरचे (प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) स्वयंचलित अपडेट चालू ठेवण्याआधी विचार करावा. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी तोवर चालत असलेली बाहेरची कार्ट्रिज अचानक नाकारायला सुरुवात केली होती, आणि ओरड झाल्यावर कंपनीने तो अडसर काढणारे फर्मवेअर उपलब्ध करून दिले होते. अपडेट बंद ठेवले तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत, तेव्हा नेटवर्कवर असलेल्या प्रिंटरसाठी हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

आपली दोन न वापरलेली कार्ट्रिज फेकू नका. वेष्टनावरची तारीख पाहा, एखाद्याचे वेष्टन अजून शाबूत असेल तर फाडू नका, उष्णतेपासून दूर ठेवा, आणि आपला जुना मॉडेल अजून ज्यांच्याकडे चालू आहे अशा कोणाला ती द्या किंवा विका. दुकानदार कधी कधी न उघडलेली बदलूनही देतात. दरम्यान दोन्ही प्रिंटरांचे पूर्ण मॉडेल क्रमांक, कार्ट्रिजच्या लेबलावरचा क्रमांक आणि नव्या प्रिंटरच्या झाकणाआड छापलेले क्रमांक इथे लिहिलेत, तर प्रदेशाची अडचण आहे की पिढीची, हे मी किंवा इथले आणखी कोणी सांगू शकेल. तोवर प्रिंटर सर्व्हिस सेंटरकडे नेऊ नये, असे मला मनापासून वाटते.